डाव्या कोपऱ्यातली मुलगी

माणूस समोर आला की मी आधी त्याच्या पायांकडे बघते, चेहऱ्याकडे नंतर. सवय चांगली नव्हे हे मला ठाऊक आहे. शहापूरच्या बँकेत एका गृहस्थांनी आपल्या चपलेला काही लागलंय की काय म्हणून वाकून पाहिलं होतं आणि मग माझ्याकडे रागाने. पण जिने वयाची अर्धी वर्षं कबड्डीत डावा कोपरा सांभाळला आणि उरलेली शाळेत मुलींना तेच शिकवण्यात घालवली, तिची नजर दुसरीकडे जाणार तरी कुठे? चढाईला आलेली पोरगी डोळ्यांनी उजवीकडे बघेल आणि शिरेल डावीकडे. पायांना मात्र फसवायला जरा वेळ लागतो. त्या जरा वेळात तिचा घोटा धरायचा, हे कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम.

निवृत्त झाल्यापासून मला बघायला पाय उरले नव्हते. एसटी स्टँडच्या मागे माझी दोन खोल्यांची जागा आहे. लग्न झालं नाही आणि मी केलंही नाही, दोन्ही खरं आहे. आई होती तोवर घरात कुणीतरी खोकायचं, चहात साखर कमी म्हणून कुरकुरायचं. ती गेल्यावर चहा अगदी माझ्या मनासारखा होतो आणि त्याबद्दल कुणाशी काही बोलावं लागत नाही. शेजारी चांगले आहेत. जिन्यात भेटले की "काय मॅडम, बरं ना?" असं विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत. एकटेपणाचं रडगाणं गाणाऱ्या बायका मला कधी आवडल्या नाहीत. आता मीही त्यातलीच एक झाले होते, फक्त माझं रडगाणं ऐकायला घरात कुणी नव्हतं.

अशात एका हिवाळ्यात माझ्या जुन्या जोडीदारणीचा फोन आला. आम्ही दोघी जिल्ह्याच्या संघात बरोबर खेळलो. कबड्डीत कोपऱ्यातली खेळाडू आणि तिच्या शेजारची, दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या राहतात. मी कोपऱ्यात, ती माझ्या शेजारी. तरुणपणी मी इतका वेळ दुसऱ्या कुणाचाच हात धरलेला नाही. मग तिला मुंबईत एका कंपनीच्या संघात नोकरी लागली आणि मला शहापुरात शाळा मिळाली. आता ती त्याच संघाला शिकवते. दिवाळीला तिच्याकडून पणतीचा फोटो यायचा, तोही सगळ्यांना पाठवलेला.

"म्हातारे, आहेस ना गो जिवंत?" ती म्हणाली.

"तुझ्यापेक्षा बरी आहे. काम बोल."

काम असं होतं. धसईच्या बाजूला एका वाडीत एक पोरगी डावा कोपरा फार चांगला खेळते, असं तिच्या कानावर आलं होतं. व्हिडिओही आला होता. "पण व्हिडिओत सगळ्याच पोरी वाघिणी दिसतात. तू जाऊन बघ. माझ्याकडे एकच जागा आहे आणि पावसाआधी भरायची आहे. मॅटवर, पगारी खेळाडूंच्यात ही उभी राहील का, एवढंच मला सांग. तू हो म्हणालीस तर मी डोळे झाकून घेते."

डोळे झाकून घेणारी माणसं सगळं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतात. तयार नसलेली मुलगी नेली की तिला एक हंगाम बाकावर बसवतात आणि पुढच्या उन्हाळ्यात घरी पाठवतात. अशा परत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना पुन्हा कुणी बोलवत नाही आणि गावच्या मैदानावर उतरायची त्यांनाच लाज वाटते. उलट, तयार मुलीला मी नाही म्हटलं तर तिला ही संधी होती हेसुद्धा तिला कधी कळणार नाही. मी जोडीदारणीला हे सगळं ऐकवलं. ती हसली आणि म्हणाली, "म्हणून तर तुला सांगतेय." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुशीत होते, हे कबूल करायला हरकत नाही.

मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेचे दिवस होते. जवळच्याच एका गावात दुपारी मुलींचे सामने ठेवले होते. बैलबाजारातून परतणारी माणसं खांद्यावर नवी घोंगडी टाकून मैदानाच्या कडेला उभी होती. मी बायकांच्यात जागा करून बसले. ती मुलगी मला कुणी दाखवावी लागली नाही. अनवाणी, बोटं फाकलेली, टाचा जमिनीला जेमतेम टेकलेल्या. समोरची चढाईला आली, दोनदा हूल देऊन तिसऱ्यांदा पाय आत टाकला आणि ही एकदम खाली गेली. दोन्ही हातांनी घोटा असा धरला की आलेली पोरगी तोंडावरच पडली. पुढेही तसंच. ना घाई, ना उशीर. तिच्या शेजारी तिची थोरली बहीण उभी होती, खर्डीकडे दिलेली, सामन्यांपुरती माहेरी येणारी. तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. कुणीच देत नव्हतं.

"सोनं आहे," मी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं.

"तुला एका दिवसात कुणी आवडलं म्हणजे मला भीती वाटते. अजून एकदा बघ," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा बघितलं ते धसईत. थोरलीच्या सासरी लग्न होतं, म्हणून ती आली नव्हती. तिच्या जागी वाडीतलीच एक दणकट पोरगी उभी होती. आणि माझं सोनं त्या दिवशी खांबासारखं उभं राहिलं. समोरची आत यायची, हात लावून निघून जायची, आणि ही मग खाली वाकायची. दर वेळी उशीर. सामना गेला तो गेलाच, पण तिचा चेहरा बघवत नव्हता. हरवलेल्या मुलासारखी ती इकडे तिकडे बघत होती. वाडीतल्या बायकांनी नजर लागली असं ठरवून टाकलं. तिच्या आईने तर तिथेच मीठमोहरी ओवाळली. मी भयंकर चिडले. बरं, चिडून सांगायचं कुणाला? एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला भाजीच्या रिकाम्या टोपल्या सांभाळायच्या होत्या. घरी येऊन मी भांडी आपटली.

फोनवर मी "अजून बघते" एवढंच म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात थेट वाडीवर गेले. वाडीच्या खाली भाताचं एक वावर होतं. कापणी झाल्यावर धसकटं काढून, जमीन ठोकून त्याचं मैदान केलेलं. पोरींना वाटलं, मॅडम कडेला बसून बघतील. मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि त्या मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पोरी तोंडाला हात लावून हसायला लागल्या. माझं वय, माझं पोट, हसू येणं साहजिक होतं.

"हात दे," मी तिला म्हटलं.

तिने हात दिला. समोरची पोरगी चढाईला आली, हूल दिली आणि तिचा डावा पाय हाताच्या अंतरावर आला. ही हलली नाही. पोरगी माझ्या खांद्याला टपली मारून परत गेली. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी मी समोर बघणं सोडलं आणि माझ्या हातातल्या हाताकडे लक्ष दिलं. घामेजलेला, खरबरीत तळवा. तो स्वस्थ नव्हता. माझ्याकडून काहीतरी यायचं आहे, अशी वाट बघत होता.

"तुला दिसला ना तिचा पाय?"

"दिसला."

"मग गेली का नाहीस?"

"तुमी दाबलाच नाय हात."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. मग हळूहळू कळलं. पावसाळ्यात ओढ्यावर या दोघी बहिणी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला जायच्या. थोरली दगडावर उभी राहून वरून पाण्यात बघायची, धाकटी पाण्यात वाकून. आवाज झाला की चिंबोरी कपारीत शिरते, म्हणून बोलायचं नाही. थोरलीने धाकटीचा एक हात धरून ठेवायचा आणि चिंबोरी बाहेर आली की दाबायचा. धाकटीने त्याच क्षणी दुसरा हात पाण्यात घालायचा. वाडीतली सगळीच भावंडं असंच करतात. कबड्डीच्या मैदानावरही मग तेच झालं. थोरलीने बघायचं, धाकटीने धरायचं. इतकी वर्षं सगळे त्या पकडीला टाळ्या वाजवत होते, आणि ती पकड निम्मी शेजारच्या मुठीत होती.

मी आणि माझी जोडीदारीण हात धरायचो ते साखळी तुटू नये म्हणून. आपापलं बघायचो, आपापलं ठरवायचो. दुसरीच्या बोटांवर असा जीव टाकायचा, हे मला कधी सुचलं नव्हतं. मला त्या दोघींचा हेवा वाटला, अगदी सरळ हेवा. मी निवडायला आले होते एक खेळाडू, ती निघाली निम्मी. उरलेली निम्मी खर्डीकडे संसार करत होती.

जोडीदारणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग दोघींना आण की." मी म्हटलं, थोरलीची नजर चांगली आहे, पण पाय जड झालेत आणि कडेवर पोर आहे. "आणि जागा एकच आहे," तीच म्हणाली. मग थोडं थांबून, "शिकेल का गो ती एकटी?"

"बघते," मी म्हटलं.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा जायला लागले. शहापूरहून किन्हवलीवरून मुरबाड, मुरबाडहून धसईची गाडी आणि पुढे पायी. ऊन चढत चाललं होतं. पोरगी संध्याकाळी लाकडाच्या मोळ्या टाकून यायची. मी तिचा हात धरून उभी राहायची आणि दाबायची नाही. पहिले काही दिवस ती नुसती उभी. मग कधी तरी अंदाजाने जायची आणि तोंडावर पडायची. रागावणं मला छान जमतं. "दगडाला पालवी फुटेल, पण तू हलणार नाहीस," असं काहीबाही मी बोलायची. ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरायची.

एके दिवशी तिला थोडं जमलं. म्हणजे मी न दाबताही ती वेळेवर गेली. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. मुंबईत तिच्या शेजारी जी उभी राहील, ती घाबरून हात आवळेल, ओढेल, चुकीच्या वेळी ढकलेल. मॅटवर एवढ्या गोंगाटात सगळ्याच जणी आवळतात. त्या हाताकडे हिचं लक्ष गेलं की संपलं. म्हणून मी पुढचं केलं. समोरच्या पोरीचा पाय लांब असताना मी मुद्दाम तिचा हात दाबला.

ती लगेच गेली, आणि रिकाम्या जमिनीवर पडली. कोपर सोलवटलं. उठून माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा तेच केलं, ती पुन्हा गेली.

"तुमी चुकीचं दाबलात," ती म्हणाली.

"हो. मुद्दाम दाबलं."

"कशाला?"

"कारण तिकडे जी तुझा हात धरेल, ती तुझी बहीण नसेल."

तिने कोपरावर थुंकी लावली आणि वाडीकडे चालायला लागली. त्या दिवशी तिच्या घरी मला कोरा चहा मिळाला नाही. तिची आई पाण्याचा तांब्या देऊन आत गेली. परतीच्या गाडीत मला सारखं वाटत होतं की पुढच्या खेपेला ती येणार नाही. आणि त्याचं दुःख कंपनीच्या संघासाठी नव्हतं. कित्येक वर्षांत माझा हात कुणी असा तासतासभर धरला नव्हता. हा एक हात माझ्या हातात राहत होता आणि मी त्याच्याशी ठरवून खोटं बोलत होते. दुसरा मार्ग मला माहीत नव्हता.

ती आली. मी आधी येऊन उभी होते, तिने हात पुढे केला. त्या दिवशीही ती फसली, पुढच्या वेळीही. मग कमी कमी. मध्येच मी खरंही दाबायची, म्हणजे तिला ओळखायला काही खूण राहू नये. उन्हाळा चांगला तापला तेव्हा एका संध्याकाळी मी हात दाबला आणि ती हलली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडेही पाहिलं नाही. मग समोरचीने पाय टाकला, मी हात सैल सोडला होता, आणि ही सटकन गेली. घोटा हातात. तिच्या ओढीने मीही खाली आले, गुडघा मुरगळला. पोरी मला उठवायला धावल्या. ती मात्र घोटा धरूनच पडली होती.

जोडीदारणीचे फोन आता दर दोन दिवसांनी यायचे. आधी पोरीचं विचारायची, मग इकडचं तिकडचं, जुन्या संघातल्या कुणाचं काय झालं ते. मला ते फोन हवे होते. "तयार" हा शब्द मी उच्चारला की ते थांबणार, हे मला पक्कं माहीत होतं. तरी लांबवायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. एक शेवटचा सामना बघायचा आणि सांगून टाकायचं.

तो सामना धसईत होता, पाऊस तोंडावर आलेला. या खेपेला थोरली आली होती. पोर आईच्या मांडीवर देऊन तिने ओढणी खोचली आणि आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. धाकटीने तिचा हात धरला. थोरलीला मुंबईचं ठाऊक होतं, पण आमच्या सरावाचं कुणी काही सांगितलं नव्हतं. मीही नाही. सांगायला मला तोंड नव्हतं, असं म्हणा.

समोर मुरबाडच्या संघातली एक उंच पोरगी चढाईला आली. मी त्या दोन हातांकडेच बघत होते. पोरीने हूल दिली, मागे गेली, पुन्हा आली, पाय आत टाकला. थोरलीच्या बोटांची पेरं पांढरी झालेली मला बसल्या जागेवरून दिसली. तिने दाबलं होतं, आणि अगदी बरोबर वेळेला दाबलं होतं. मी असते तर तेव्हाच गेले असते.

धाकटी गेली नाही. उंच पोरीने परतायला म्हणून अंग वळवलं, सगळं वजन मागच्या पायावर आलं, तेव्हा ती गेली. आपल्या वेळेने. घोटा असा आवळला की पोरगी जागची हलली नाही. गावाने शिट्ट्या मारल्या. पुढच्या चढाईला थोरलीने पुन्हा दाबलं, पुन्हा बरोबर, आणि पुन्हा धाकटी आपल्या वेळेला गेली. तिसऱ्या खेपेपासून थोरलीने दाबायचं सोडलं. हात नुसता धरून उभी राहिली. सामना त्यांनी जिंकला.

मी गर्दीतून बाजूला येऊन फोन लावला. "घे तिला," मी म्हटलं.

"खात्री?"

"खात्री."

"काय पाहिलंस असं?"

"बहिणीचं ऐकलं नाही तिने."

मग ती म्हणाली, "बरं. मी ऑफिसला कळवते. थँक्यू गो," आणि फोन ठेवला. मी मोबाइल पिशवीत टाकला. गाडीला वेळ होता आणि मला कुठे जायची घाई नव्हती.

धाकटीला वाडीतल्या पोरींनी उचलून घेतलं होतं. थोरली पोराला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. कपाळावरचा घाम तिने पोराच्याच झबल्याला पुसला.

"बाई, एक इचारू? मी टायमावर दाबलं ना?"

"टायमावर दाबलंस," मी म्हटलं. "दोन्ही वेळा."

"मंग तिला कळलं नसल."

मला खोटं बोलता आलं असतं. त्या उन्हाळ्यात मी त्यात तरबेज झाले होते. "कळलं होतं तिला," मी म्हटलं.

तिने पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. धाकटी अजून पोरींच्या खांद्यावरच होती, तिकडे ती बघत राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली. "तिकडं मी कुठनं येनार दाबायला." आणि धाकटीच्या चपला कुठे पडल्यात ते शोधायला ती मैदानाच्या कडेला गेली.